खवल्यांची गोगलगाय: पुण्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न

हिंदी महासागराच्या तळाशी, तप्त झऱ्यांच्या आसपास, पायावर लोहाचे खवले असलेली एक गोगलगाय राहते. पुण्यात शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा टेकडीवरच्या निसर्गफेरीत तिचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतातच. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं एका ओळीत संपतात, काही लांबली आहेत. विषयच खोल पाण्यातला आहे, त्याला इलाज नाही.

ही नेमकी कोणती गोगलगाय?

शास्त्रीय नाव क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम. अभ्यासक तिला 'स्केली-फूट' म्हणतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती 'व्होल्कॅनो स्नेल' म्हणून फिरते. शंख साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटरचा. फार वाढला तर साडेचारच्या आसपास. म्हणजे तळहातावर आरामात मावेल एवढा जीव. शंखाखालून बाहेर येणारा मांसल पाय लालसर असतो आणि त्याच्या बाजूंवर शेकडो खवले कौलांसारखे एकावर एक बसवलेले असतात. या खवल्यांवर आणि शंखाच्या बाहेरच्या थरात लोह सल्फाइड असतं. आज जिवंत असलेल्या प्राण्यांपैकी आपल्या कवचाच्या बांधणीत लोह सल्फाइड वापरणारा दुसरा प्राणी अजून माहीत नाही.

ती सापडते कुठे? आपल्यापासून किती लांब?

फक्त हिंदी महासागरात. सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे 'कैरेई' झरे. पुण्याहून नकाशावर जवळजवळ सरळ दक्षिणेला रेघ ओढली तर सुमारे ४,९०० किलोमीटरवर, मॉरिशसच्या आग्नेयेला. तिथे समुद्रतळावरच्या तीन पर्वतरांगा एकत्र येतात, त्या तिठ्याच्या जवळ. खोली सुमारे २,४०० मीटर. कळसूबाई तिथे तळावर नेऊन ठेवली तरी शिखरावर साडेसातशे मीटरहून जास्त पाणी उरेल.

दुसरं ठिकाण 'सॉलिटेअर', मॉरिशसच्या सागरी हद्दीतलं, सुमारे २,६०० मीटर खोल. तिसरं 'लाँगची', आफ्रिकेच्या बाजूच्या नैऋत्य हिंदी महासागर रांगेवर, सुमारे २,८०० मीटर खोल. बरीच वर्षं ही तीनच ठिकाणं माहीत होती. नंतर हिंदी महासागरातच आणखी काही झऱ्यांवर ती सापडली, पण यादी अजूनही बोटांवर मोजण्याएवढीच आहे.

ती लाव्हात राहते, हे खरं का?

नाही. लाव्हात कोणीच राहत नाही.

पण झऱ्याचं पाणी साडेतीनशे अंशांवर असतं म्हणतात. मग ती शिजून कशी जात नाही?

कारण ती त्या पाण्यात बसतच नाही. झऱ्याच्या तोंडातून निघणारं पाणी ३५० अंश सेल्सिअसच्या वर असू शकतं हे खरं आहे. वर चोवीसशे मीटर पाण्याचा म्हणजे जवळपास २४० वातावरणांचा दाब असतो, म्हणून ते इतकं तापूनही उकळत नाही. पण बाहेरचं समुद्राचं पाणी दोन-तीन अंशांचं, बर्फाला टेकलेलं. गरम धार त्यात शिरली की काही हातांच्या अंतरात सगळी गरमी विरून जाते. झऱ्याच्या भिंतींतून आणि भेगांतून कोमट पाणी झिरपत असतं. ही गोगलगाय त्या झिरपणाऱ्या पट्ट्यात, एकमेकींच्या अंगाला अंग लावून, गर्दीने बसते. 'चारशे अंशांत जगणारी गोगलगाय' असं लिहिणाऱ्यांनी झऱ्याचं तापमान थेट गोगलगायीच्या नावावर खपवलं आहे.

म्हणजे आपल्या उन्हेऱ्याच्या, वज्रेश्वरीच्या कुंडांसारखंच का?

मूळ कल्पना तीच: पाणी भेगांतून खोल जातं, तापतं, खनिजं घेऊन वर येतं. पण कोकणातल्या कुंडांखाली आज जागृत ज्वालामुखी नाही, आणि तिथलं पाणी उघड्यावर येतं म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. समुद्रतळावरच्या रांगांमध्ये दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असतात आणि खालून तप्त शिलारस वर येत असतो. समुद्राचं पाणी त्याच्या जवळ पोचतं, आम्लयुक्त होतं, खडकातलं लोह, तांबं, जस्त विरघळवून घेतं आणि त्यासोबत हायड्रोजन सल्फाइड घेऊन वर उसळतं. थंड पाण्याला भिडताच धातूंचे सल्फाइड काळ्या धुरासारखे बाहेर पडतात आणि साचत साचत त्यांचीच धुरांडी उभी राहतात. असे झरे माणसाने पहिल्यांदा १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ पाहिले. काळा धूर ओकणारी धुरांडी १९७९ साली, मेक्सिकोसमोरच्या प्रशांत महासागरात.

तिथे ऊन नाही, शेवाळ नाही. ती खाते काय?

खरं सांगायचं तर काहीच नाही. निदान आपण ज्याला खाणं म्हणतो तसं नाही.

तिच्या अन्ननलिकेला जोडलेली एक ग्रंथी आहे. इतर गोगलगायींत ती नगण्य असते. हिच्यात ती अवाढव्य फुगलेली आहे आणि आत जिवाणूंची वसाहत आहे. झऱ्यातून येणारं हायड्रोजन सल्फाइड आणि समुद्राच्या पाण्यातला प्राणवायू या जिवाणूंना मिळाला की ते त्यांच्या अभिक्रियेतून ऊर्जा काढतात आणि तिच्या जोरावर कार्बनपासून अन्न बनवतात. झाड उन्हावर जे करतं ते हे जिवाणू गंधकाच्या संयुगावर करतात. गोगलगाय त्यांच्यावर पोसली जाते. तिचा स्वतःचा पचनमार्ग आखडून गेला आहे.

इथे लोकांना खवले आवडतात, मला मात्र हीच गोष्ट जास्त थक्क करते. हायड्रोजन सल्फाइड हे साध्या भाषेत विष आहे, सडक्या अंड्याच्या वासाचं. श्वसनाच्या मुळावर घाव घालणारा हा वायू गटारात उतरणाऱ्या कामगारांचे जीव घेतो, तोच. आणि हा प्राणी तो श्वासाबरोबर आत घेऊन, रक्तातून वाहून, आतल्या भाडेकरूंपर्यंत पोचवतो.

तिचं हृदय सगळ्या प्राण्यांत मोठं असतं, असं वाचलं.

आकाराने नव्हे, प्रमाणाने. शरीराच्या आकारमानाच्या सुमारे चार टक्के जागा हृदयाने व्यापलेली आहे. माणसात हे प्रमाण दीड टक्क्याच्याही आत आहे. २०१५ साली तिच्या अंतर्रचनेचा त्रिमितीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे समोर आलं. एवढं मोठं हृदय एका जागी बसून राहणाऱ्या, शिकार न करणाऱ्या प्राण्याला कशाला हवं? उत्तर जिवाणूंकडे आहे. झऱ्याजवळच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तो मोठ्या कल्ल्यांनी ओढून घ्यायचा आणि खोल आत बसलेल्या जिवाणूंपर्यंत रक्ताने न्यायचा, हे काम त्या हृदयाचं. मज्जासंस्था त्या मानाने साधी आहे, डोळे नाहीत. सगळी गुंतवणूक पंपात.

आता मुख्य प्रश्न: लोखंडाचं चिलखत कशासाठी?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं: शत्रूपासून बचाव. २००३ साली खवल्यांचं पहिलं सविस्तर वर्णन झालं तेव्हा शास्त्रज्ञांचाही रोख तिकडेच होता. झऱ्यांवर विषारी दंश करणाऱ्या शिकारी गोगलगायी असतात, चिमटे चालवणारे खेकडे असतात. शिवाय ही गोगलगाय पूर्ण वाढल्यावर तिच्या शंखाचं झाकण अगदी लहान उरतं, दार लावून आत बसण्याची सोय नाही. मग उघड्या पायाला चिलखत, हे पटण्यासारखंच होतं.

२०१० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने शंखाची ताकद तपासली. शंखाला तीन थर आहेत. बाहेर लोह सल्फाइडचा, सुमारे ३० मायक्रॉन. मध्ये सेंद्रिय पदार्थाचा जाड थर, सुमारे १५० मायक्रॉन. आत नेहमीचा कॅल्शियम कार्बोनेटचा, सुमारे २५० मायक्रॉन. तिन्ही मिळून अर्धा मिलिमीटरही भरत नाही. बाहेरचा थर आघात झेलताना बारीक बारीक तडकतो आणि त्यात ऊर्जा जिरवतो. मधला मऊ थर तडा आत जाऊ देत नाही. सैनिकांच्या चिलखतापासून हेल्मेटपर्यंत कशाकशासाठी याचा उपयोग होईल याची चर्चा झाली, अमेरिकी लष्करानेही रस घेतला, आणि बातम्यांना मथळा मिळाला. तेव्हापासून ती 'लोखंडी गोगलगाय' झाली ती झालीच.

पण खवल्यांचं प्रकरण वेगळं निघालं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खवल्यांच्या आत अतिशय बारीक, खांबांसारख्या उभ्या नळ्या दिसल्या. त्यांच्यातून गंधक बाहेर येतं. बाहेरून झऱ्याच्या पाण्यातलं लोह आत झिरपतं. दोघांची गाठ पडते तिथे लोह सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. गंधक कुठून आलं? बरीच शक्यता अशी की ते आतल्या जिवाणूंच्या कामातून निघालेलं, शरीराला नको असलेलं गंधक आहे. ते साठून राहिलं तर प्राण्यालाच बाधेल. म्हणून ते खवल्यांवाटे बाहेर काढायचं.

थोडक्यात, ज्याला आपण चिलखत म्हणून मिरवतो ते बहुधा उत्सर्जनाचं दार आहे आणि लोह हा त्या दाराशी साचलेला थर. त्याने जाता जाता संरक्षणही होत असेल, त्याला कोणी नाही म्हणत नाही. शंखाची मजबुती तर मोजलेलीच आहे. पण 'लढाईसाठी लोखंड घातलेली गोगलगाय' ही गोष्ट ऐकायला जेवढी छान आहे तेवढी बरोबर नाही. विष आत घेऊन त्यावर जगणं आणि उरलेलं विष अंगाबाहेर दगड करून टाकणं, हे मला तरी कुठल्याही ढाल-तलवारीपेक्षा मोठं काम वाटतं.

याच अभ्यासात पदार्थविज्ञानवाल्यांनाही खाऊ आहे. पायराइटचे, म्हणजे लोह सल्फाइडच्याच एका प्रकाराचे, असे नॅनोकण प्रयोगशाळेत करायला एरवी बरीच उष्णता लागते, ही गोगलगाय ते गारव्यात करते.

कैरेईची काळी आणि सॉलिटेअरची पांढरी, या दोन जाती आहेत का?

एकच जात. सॉलिटेअर झऱ्यांवर २००९ साली जपानी शास्त्रज्ञांना ही गोगलगाय मिळाली तेव्हा ती पांढरट होती, खवल्यांवर लोह जवळजवळ नाहीच. सुरुवातीला गोंधळ झाला. नंतर कळलं की तिथल्या झऱ्याच्या पाण्यातच लोह फार कमी आहे. जनुकीयदृष्ट्या ती कैरेईवालीची सख्खी नातेवाईक. उलट दिसायला कैरेईसारखी असणारी लाँगचीची गोगलगाय जनुकांच्या हिशेबात जास्त दूरची आहे, कारण दोन रांगांमध्ये अळ्यांची ये-जा फार थोडी होते. लोह नसतानाही पांढऱ्या गोगलगायींचं बरं चाललेलं असतं, हा मुद्दा वरच्या चिलखताच्या प्रश्नाशी जोडून बघा.

फ्रिजला चिकटेल का?

चिकटणार नाही, पण चुंबकाकडे ओढली जाईल. खवल्यांमध्ये पायराइटबरोबर ग्रेगाइट नावाचं लोह सल्फाइड असतं, ते चुंबकीय आहे.

गंजते का?

हो, बाहेर काढल्यावर. हवेतल्या भरपूर प्राणवायूत खवल्यांवर तांबूस गंज चढतो. समुद्रतळाशी, झऱ्याजवळ, प्राणवायू बेताचा असल्याने तिचं निभावतं.

शोध कोणी लावला?

कैरेई झरे जपानी पथकाने २००० साली 'काइको' या दूरनियंत्रित यानाने शोधले, आणि जपानच्या संशोधन जहाजावरूनच त्यांना हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, सिंडी व्हॅन डोव्हर यांच्या नेतृत्वाखालचं अमेरिकी पथक तिथे गेलं आणि ही गोगलगाय वर आली. गंमत म्हणजे ती जगभर गाजली तरी तिला रीतसर शास्त्रीय नाव मिळायला २०१५ साल उजाडलं. ते काम चाँग चेन, कॅटरिन लिन्झे, जॉन कॉप्ली आणि अ‍ॅलेक्स रॉजर्स यांचं. मधली चौदा वर्षं ती नुसत्या टोपणनावावर वावरली. २०२० साली हाँगकाँग आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी तिचा पूर्ण जनुकसंच वाचला.

पावसाळ्यात आमच्या कुंड्यांमधली रोपं फस्त करणारी गोगलगाय हिची कोण?

फार लांबची भाऊबंद. दोघीही उदरपाद वर्गातल्या, म्हणजे पोटाच्या बाजूच्या पायावर चालणाऱ्या मृदुकाय प्राण्यांमधल्या. पण पुण्यात बागांमध्ये माजलेली ती मोठी आफ्रिकन गोगलगाय हवेत श्वास घेणाऱ्या शाखेतली आहे. खवलेवालीची शाखा कितीतरी आधी वेगळी झाली, आणि तिचे जवळचे नातेवाईक जवळपास सगळे समुद्रतळाच्या झऱ्यांभोवतीच आहेत. एक साम्य आहे: दोन्ही उभयलिंगी. प्रत्येक प्राणी नरही आणि मादीही. खोल समुद्रात एकाकी झऱ्यावर हे सोयीचं, कारण जो भेटेल तो जोडीदार चालतो.

आणि हो, खवले पाहून काहींना कँब्रियन या अतिप्राचीन काळातल्या खवलेधारी जिवाश्मांची आठवण होते. संबंध तसा नाही. हिचे खवले तिच्याच घराण्यात नव्याने आलेले आहेत.

पाळता येईल? खाता येईल?

पहिल्याला उत्तर: जपानमध्ये ती मत्स्यालयात ठेवण्याचे प्रयत्न झाले, काही आठवड्यांपलीकडे मजल गेलेली नाही. दुसऱ्याला: हा प्रश्न नेहमी मूळचे कोकणातले पुणेकर विचारतात. तिसऱ्या-कालवं खाऊन सुखी राहा. लोह सल्फाइड दाताखाली घेण्यात मजा नाही, आणि ती धोक्यातली जात आहे.

धोक्यातली? इतक्या खोलवर तिला कोण त्रास देणार?

२०१९ च्या जुलैमध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तिची 'संकटग्रस्त' म्हणून नोंद झाली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे या यादीत आलेली ही पहिली जात. तेव्हा माहीत असलेल्या तिन्ही ठिकाणचं तिचं राहण्याजोगं क्षेत्र एकत्र केलं तर भरतं सुमारे ०.०२ चौरस किलोमीटर. आपल्या हिशेबात पाच एकर. एका जातीची अख्खी दुनिया पाच एकरांत, तीही हजारो किलोमीटरवर विखुरलेल्या तीन तुकड्यांत.

आणि या तुकड्यांवर नजर आहे. झऱ्यांची धुरांडी म्हणजे तांबं, जस्त, थोडं सोनं-चांदी असलेलं सल्फाइडचं खनिज. आंतरराष्ट्रीय पाण्यातल्या तळाचा कारभार जमैकातल्या किंग्स्टनमध्ये असलेलं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण बघतं. लाँगची हे चीनच्या आणि कैरेई हे जर्मनीच्या शोध-परवान्याच्या क्षेत्रात येतं. खणायला अजून कोणी सुरुवात केलेली नाही, व्यावसायिक खाणकामाचे नियम अजून ठरलेले नाहीत. पण यंत्र एकदा धुरांड्यावर चाललं तर काय होईल याचा अंदाज बांधायला फार शास्त्र लागत नाही. धुरांडं मोडलं की झिरपणारं पाणी वाट बदलणार. उडालेला गाळ कल्ल्यांवर बसणार. आणि ज्या प्राण्याचा सगळा डाव कल्ले आणि हृदयावर आहे त्याचं काय होणार?

ही एकटीच नाही. २०२१ साली झऱ्यांवरच्या १८४ मृदुकाय जातींचा आढावा घेतला गेला, त्यांतल्या ६२ टक्के धोक्यात असल्याचं दिसलं.

यात भारत कुठे येतो?

सरळ मध्ये येतो. २६ सप्टेंबर २०१६ रोजी भारताने त्या प्राधिकरणाशी करार केला: मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागर रांगांवर १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड खनिजांचा शोध, मुदत पंधरा वर्षं. म्हणजे ही गोगलगाय राहते त्याच दोन रांगा. २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेवर तेवढ्याच क्षेत्राचा दुसरा करार झाला. कार्ल्सबर्ग रांग आपल्याला आणखी जवळ, अरबी समुद्राच्या तोंडाशी. तिथेही झरे सापडले आहेत आणि पुण्यापासून सरळ रेषेत ते अंतर साधारण २,००० किलोमीटर होतं.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या जागृत झऱ्याची छायाचित्रं मिळवली. हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं आणि गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं. तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारं 'मत्स्य ६०००' हे यान चेन्नईतच घडतंय. २०२१ साली मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या खोल समुद्र मोहिमेचाच हा भाग.

मग तुम्ही खाणकामाच्या विरोधात आहात का?

जागृत झऱ्यांवरच्या खाणकामाच्या, हो. शोधाच्या अजिबात नाही. करार शोधाचे आहेत आणि त्यामुळेच आपली जहाजं तिथे जातील, आपले लोक ते झरे बघतील, तिथल्या जिवांची यादी करतील. ही यादी आधी व्हावी, एवढंच म्हणणं. काही जण मध्यममार्ग सुचवतात: विझलेल्या झऱ्यांचं खनिज घ्या, जागृत झरे सोडा. ऐकायला बरं आहे. पण 'विझलेला' कोण ठरवणार, आणि शेजारच्या जागृत झऱ्यावर गाळ जाणार नाही याची हमी कोण देणार, हे प्रश्न उरतात. तांब्याची गरज खोटी नाही हेही मान्य. पाच एकर सोडून दिल्याने ती अडेल असं मात्र मला वाटत नाही.

पुण्याचा याच्याशी काय संबंध? आमच्याकडे समुद्र नाही.

समुद्र नाही, दगड आहे. वेताळ टेकडीच्या खाणीत किंवा पर्वतीच्या पायथ्याशी जो काळा बेसाल्ट दिसतो तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हिंदी महासागराच्या रांगांचा तळही बेसाल्टचाच. नातं एवढ्यावर संपत नाही. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात तो आज रीयुनियन बेटाखाली आहे, मॉरिशसच्या शेजारी. भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकला. दख्खनचे ज्वालामुखी शांत होत आले त्या सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि मधली फट रुंदावत गेली. कार्ल्सबर्ग रांग ही त्या फाटण्याची आजही न मिटलेली रेघ. आपण ज्या दगडावर घरं बांधली आणि या गोगलगायी ज्या दगडावर बसल्या आहेत, ती एकाच घडामोडीची दोन टोकं आहेत.

सरकारी पातळीवरही एक धागा आहे. पाषाणची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था ज्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते त्याच मंत्रालयाने वरचे दोन्ही करार केले आहेत.

पुण्यात ती कुठे बघायला मिळेल?

जिवंत, कुठेच नाही.

मुलीला खोल समुद्राचाच अभ्यास करायचा आहे. पुण्यातून जमेल?

जमेल, फक्त पुढे कधीतरी गाव सोडावं लागेल. पदवीसाठी इथे चांगली सोय आहे: पाषाणच्या आयसरमध्ये जीवशास्त्र आणि पृथ्वीविज्ञान दोन्ही शिकता येतं, विद्यापीठात प्राणिशास्त्र आणि भूशास्त्राचे विभाग आहेत. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, वर्गीकरणाची गोडी लागायला ती जागा बरी. पुढची वाट गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे, चेन्नईला, नाहीतर कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राकडे जाते.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. हे क्षेत्र फक्त जीवशास्त्रवाल्यांचं नाही. २,४०० मीटर खाली कॅमेरा न्यायचा तर यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र, सॉफ्टवेअर सगळं लागतं, आणि त्या विषयांची पोरं या शहरात गल्लोगल्ली आहेत. जहाज लागण्याचा त्रास आहे का, ते मात्र आधी बघून घ्या.

शाळेच्या प्रकल्पासाठी चित्र काढायचंय. रंग कोणते?

कैरेईची काढणार असाल तर शंख आणि खवले काळसर, धातूसारखी किंचित चकाकी असलेले. सॉलिटेअरची काढायची तर मळकट पांढरे. पायाचं मांस दोन्हींत लालसर. खवले पायाच्या बाजूंना काढा, शंखावर नको; इंटरनेटवरच्या अर्ध्या चित्रांत तिथेच घोळ आहे. डोळे काढू नका. एकटी काढू नका, डझनभर तरी एकमेकींना चिकटून दाखवा. बाजूला आंधळ्या झिंग्यांचा थवा, एखादा पांढरट खेकडा, थोडी समुद्रफुलं चालतील. मागे काळा धूर सोडणारं धुरांडं, पण गोगलगायी त्याच्या तोंडाशी नकोत, पायथ्याशी, भेगांजवळ. लाल लाव्हा नको. वरून येणारे सूर्याचे किरणही नकोत. तिथे उजेड असेल तर तो फक्त पाणबुडीच्या दिव्याचा.